नव्या शहरात खाण्याची आपली ठिकाणं कशी शोधावीत

मोठ्या शहरात नव्याने आलेला माणूस पहिले काही आठवडे दोनच प्रकारच्या जागी जेवतो. रोज घराखाली किंवा ऑफिसच्या दारात जे असेल तिथे, कारण दिवसभर दमल्यावर शोधाशोध करायचं त्राण उरत नाही. आणि सुट्टीच्या दिवशी शहराच्या ‘इथे खाल्लंच पाहिजे’ यादीतल्या एखाद्या ठिकाणी, रांगेत उभं राहून. या दोन टोकांच्या मधे उरतं ते शहर, जे रोज लाखो लोकांना जेवू घालतं. तिथवर पोचायला ओळखीपाळखी लागतात असं नव्या माणसाला वाटतं. मला तसं वाटत नाही. थोडी पद्धत लागते, आणि आवडलेल्या दारात पुन्हा पुन्हा जायची तयारी लागते. त्यातही पुन्हा जाणं हे शोधण्याइतकंच महत्त्वाचं, कारण एकदा जेवून गेलेल्या माणसाला कुठलंही हॉटेल आपलं सगळं दाखवत नाही.

हाती काय लागायला हवं, हे आधी ठरवलेलं बरं. तीन-चार महिन्यांत सहा जागा मिळाल्या तर खूप झालं: घराजवळ रोज जेवता येईल अशी एक, कामाच्या ठिकाणी झटपट उरकता येईल अशी एक, रात्री उशिरा उघडी असणारी एक, गोडाधोडाची किंवा चटकमटक खाण्याची एक, पाहुणे आले की बिनधास्त घेऊन जाता येईल अशी एक, आणि जिच्यासाठी शहराच्या दुसऱ्या टोकाला जावंसं वाटेल अशी एक. पन्नास नावांची यादी फोनमध्ये साठवून ठेवणाऱ्यांना भूक लागल्यावर त्यातलं एकही आठवत नाही.

पायरी १: पंधरा मिनिटांचं वर्तुळ

घरातून निघा आणि एका दिशेला नेहमीच्या चालीने पंधरा मिनिटं चाला. साधारण सव्वा किलोमीटर होतं. दुसऱ्या दिवशी दुसरी दिशा. चारही दिशा झाल्या की घराभोवतीचं एक वर्तुळ तुमच्या पायाखालून गेलेलं असतं. बहुतेक दिवसांचं जेवण याच वर्तुळात होणार आहे, म्हणून सुरुवात इथून.

या फेऱ्यांमध्ये खायचं नाही, नुसतं बघायचं. जेवून निघा. भुकेला माणूस पहिल्या उघड्या दारात शिरतो आणि त्यापुढचा रस्ता त्याला दिसतच नाही. आणि एकाच वेळी फिरू नका. सकाळी लवकर, जेवणाच्या ऐन वेळी आणि रात्री उशिरा असे तीन फेरे मारा. सकाळी तीनच तास चालणारी दुकानं असतात, दुपारी त्यांचं शटर बघून तिथे काही मिळत असेल अशी शंकाही येत नाही. संध्याकाळी फूटपाथवर लागणाऱ्या गाड्यांचं दिवसा नामोनिशाण नसतं.

एक गोष्ट हटकून करा. तुमच्या भागातून रेल्वेचे रूळ, उड्डाणपूल, नाला किंवा सहा पदरी रस्ता जात असेल तर पलीकडे जा. अशा आडकाठीमुळे लोक वर्षानुवर्षं एकाच बाजूला राहतात, आणि पाच मिनिटांवरची चांगली जागा त्यांच्या गावीही नसते.

पायरी २: एक रस्ता, या टोकापासून त्या टोकापर्यंत

जोनाथन गोल्ड हा लॉस एंजेलिसचा खाद्यसमीक्षक. २००७ साली त्याला समीक्षेसाठी पुलित्झर पुरस्कार मिळाला. हॉटेलांवर लिहिणाऱ्याला तो मिळण्याची ती पहिलीच वेळ. पण त्याची खरी शाळा त्याआधीची. १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला, विशीत असताना, तो एका कायदेविषयक वर्तमानपत्रात मुद्रितशोधनाचं काम करायचा, आणि त्याने पिको बुलेव्हार्ड या एका लांबलचक रस्त्यावरच्या प्रत्येक ठिकाणी जेवायचं ठरवलं. हा रस्ता शहराच्या मध्यातून निघून सांता मोनिकाला समुद्रापाशी संपतो. पर्यटक बघायला येतील असं त्यावर फारसं काही नाही. पण वेगवेगळ्या देशांतून आलेल्या लोकांच्या वस्त्या त्याच्या दोन्ही बाजूंना आहेत, आणि प्रत्येक वस्तीचं खाणं त्या रस्त्याला येऊन मिळतं. गोल्डने पुढे आयुष्यभर जे लिहिलं त्याचा पाया या रस्त्यावर घातला गेला.

ही पद्धत नव्या माणसाला मी सगळ्यात आधी सुचवेन, आणि त्याला कारण आहे. ‘आज कुठे जायचं’ हा प्रश्न मनावर सोडला की मन ओळखीचं उचलतं: आपल्या गावासारखं, आपल्या भाषेत पाटी असलेलं. रस्ता ठरवला आणि क्रम ठरवला की ही निवड हातातून जाते. आज या दुकानाची पाळी, मग ते बाहेरून कसं का दिसेना. ज्या दाराशी तुम्ही एरवी कधीच थांबला नसता तिथे जाऊन बसता, आणि आवडीचं निम्मं तरी तिथेच सापडतं.

रस्ता निवडताना मॉलचा किंवा झगमगाटाचा निवडू नका. ज्यावरून बस जाते, ज्यावर शिंपी, भांड्यांची दुकानं, दवाखाने, शिकवण्या असं सगळं मिसळलेलं आहे, तो घ्या. आठवड्याला एक-दोन ठिकाणं झाली तरी पुष्कळ. तुमचे काही नियम असतील, म्हणजे शाकाहार, उपवास, धर्माने वर्ज्य असलेलं काही, तर त्यात न बसणारी ठिकाणं सोडून द्या. मात्र ‘दिसायला बरं नाही’ हे सोडण्याचं कारण धरू नका.

पायरी ३: दुकान बाहेरून वाचायला शिका

आत शिरण्याआधी दोन मिनिटं समोर उभं राहिलं की बरंच कळतं.

सगळ्यात महत्त्वाची गोष्ट म्हणजे उठाव. पातेली किती वेळाने रिकामी होतात, तळणाचा घाणा किती वेळाने निघतो, हे बघा. ज्या दुकानात माल टिकतच नाही तिथे शिळं राहायला सवड नसते. गर्दी बघताना ती नुसती मोजू नका, कोणाची आहे ते बघा. गळ्यात कॅमेरे अडकवलेल्यांची रांग वेगळी, आणि हातात घरचा डबा किंवा पिशवी घेऊन पार्सलसाठी उभ्या असलेल्यांची वेगळी. मालकाला नावाने हाक मारणारी म्हातारी माणसं, शाळेच्या गणवेशातली मुलं, एकटाच येऊन मेन्यू कार्ड न बघता ऑर्डर देणारा माणूस, या तीन खुणांवर मी डोळे झाकून विश्वास ठेवते.

मेन्यू छोटा असेल तर शुभशकुन समजा. लहानशा भटारखान्यात दोनशे पदार्थ ताजे होऊ शकत नाहीत; त्यासाठी बरंच काही आधी शिजवून, गोठवून ठेवावं लागतं. फळ्यावर खडूने लिहिलेले आणि दुपारी दोनला त्यातले दोन पुसलेले पदार्थ दिसले, तर आत जा.

वास घ्या. ताज्या तेलाचा वास आणि पुन्हा पुन्हा तापवलेल्या तेलाचा घशात उतरणारा खवट वास यांतला फरक दारातच कळतो. जळक्या तेलाच्या दुकानातून परत फिरायला संकोच वाटू देऊ नका. उलट टेबलाचा सनमायका उडालेला असणं, पंखा खडखडणं, भांडी एकमेकांशी न जुळणारी असणं, याने काहीही बिघडत नाही. स्वच्छता बघायची ती टेबल पुसण्याच्या फडक्यात, पाण्याच्या पिंपात आणि वाढणाऱ्याच्या हातात. भिंतीच्या रंगावरून तिची परीक्षा होत नाही.

जागेचं भाडंही बोलतं. चौकातलं, स्टेशनच्या तोंडावरचं दुकान चालायला चव लागतेच असं नाही, कारण तिथे रोज नवं गिऱ्हाईक आपसूक येतं. गल्लीत आत, पहिल्या मजल्यावर, पाटी नीट न दिसणारं दुकान वर्षानुवर्षं तग धरून असेल, तर लोक तिथे मुद्दाम वळतात एवढं नक्की. दारात उभं राहून ‘या, या’ करणारा माणूस आणि प्रत्येक पदार्थाचा फोटो असलेला फलक हे ज्याला पुन्हा यायचं नाही अशा गिऱ्हाइकासाठी असतात.

एकाच गल्लीत एकाच पदार्थाची सहा दुकानं दिसली तर नवा माणूस गोंधळतो. गोंधळू नका, खूश व्हा. दोन विक्रेते एकाच रस्त्यावर असले की ते लांब जाण्याऐवजी एकमेकांकडेच का सरकत येतात, हे हॅरॉल्ड होटेलिंग या अमेरिकन अर्थतज्ज्ञाने १९२९ मध्येच गणिताने मांडलं होतं. खाणाऱ्याच्या दृष्टीने त्याचा फायदा असा, की गिऱ्हाईक दोन पावलांवर तुलना करू शकतं. तिथे कच्चं दुकान फार काळ टिकत नाही. अशा गल्लीत दोघं-तिघं मिळून जा आणि प्रत्येक दुकानात एकच प्लेट वाटून खा.

आजूबाजूला काय आहे तेही बघा. मोठ्या हॉस्पिटलजवळ रात्रभर काहीतरी गरम मिळतं, कारण रात्रपाळीची माणसं असतात. घाऊक बाजाराजवळ पहाटे पोटभर जेवण मिळतं, कारण हमालांचा दिवस तेव्हा अर्धा संपलेला असतो. कॉलेजजवळ स्वस्त आणि भरपूर, कोर्ट-कचेऱ्यांजवळ दुपारी झटपट. आणि कुठल्याही शहरात परगावाहून आलेल्या लोकांची वस्ती असते, तिथे त्यांच्या गावची चव मूळ रूपात मिळते, कारण खाणारेही तिथलेच असतात.

पायरी ४: योग्य माणसाला योग्य प्रश्न

‘इथे चांगलं कुठे मिळतं?’ असं विचारलं की माणूस पाहुण्याला सांगण्याजोगं उत्तर देतो, म्हणजे शहरातलं सर्वांत प्रसिद्ध नाव. त्याला ते स्वतःला आवडत असेलच असं नाही. प्रश्न बदला. ‘काल दुपारी तुम्ही कुठे जेवलात?’ ‘घरी कंटाळा आला की जेवण कुठून मागवता?’ ‘मुलीच्या वाढदिवसाला गोड कुठून आणलंत?’ ‘लहानपणापासून ज्या दुकानात जाता असं एखादं आहे का?’ अशा प्रश्नांची उत्तरं लोक आठवून देतात, आणि आठवणीतलं नाव बहुधा खरं निघतं.

कोणाला विचारायचं? ज्यांचं काम फिरतीचं आहे त्यांना. टॅक्सीवाले, पोस्टमन, मीटर वाचायला येणारे, प्लंबर, इलेक्ट्रिशियन, औषधांचे एमआर. यांना रोज वेगळ्या भागात, कमी वेळात, खिशाला परवडेल असं आणि पोट बिघडणार नाही असं जेवावं लागतं. चारही अटी एकदम पाळून निवड करणारा याहून मोठा जाणकार शहरात नसतो. घरपोच पदार्थ आणून देणाऱ्यालाही विचारा. कुठल्या हॉटेलचा भटारखाना आतून कसा आहे हे त्याने पाहिलेलं असतं.

एक मार्ग फारसा कोणी वापरत नाही: माल पुरवणाऱ्यांना विचारणं. भाजीवाला, दूधवाला, खाटीक, मसाल्याचा दुकानदार यांना नेमकं माहीत असतं की कोणता हॉटेलवाला चांगला माल निवडून नेतो आणि कोण संध्याकाळी उरलेला स्वस्तात उचलतो. थेट नावं ठेवायला ते तयार होणार नाहीत. ‘तुमच्याकडून चांगला माल कोण नेतं?’ असं विचारा. कौतुक करायला कोणी कचरत नाही. आणि जिथे जेवण आवडलं तिथल्या आचाऱ्याला विचारा की सुट्टीच्या दिवशी तो कुठे जेवतो. यासारखा प्रश्न नाही.

पायरी ५: ॲपवरचे तारे

२०१७ साली लंडनमध्ये ऊबा बटलर नावाच्या पत्रकाराने आपल्या घरामागच्या शेडची एका मोठ्या प्रवासी संकेतस्थळावर रेस्टॉरंट म्हणून नोंद केली. तिथे कोणी जेवत नव्हतं, भटारखाना नव्हता, दाखवायचे पदार्थ नकली होते. ओळखीच्या लोकांकडून खोटे अभिप्राय लिहून घेत त्याने ती जागा लंडनमधलं पहिल्या क्रमांकाचं रेस्टॉरंट म्हणून वर नेली. फोन यायला लागले आणि तो प्रत्येकाला ‘जागा नाही’ सांगत राहिला, त्याने मागणी आणखी वाढली. त्यानंतर नियम कडक होत गेले. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने २०२४ मध्ये खोटे अभिप्राय विकण्या-विकत घेण्यावर बंदी घालणारा नियम केला. तरी वाचणाऱ्याने सावध राहायलाच हवं.

ॲप टाकून द्या असं मी म्हणणार नाही. ते वाचायची रीत आहे. सरासरी आकड्याकडे बघण्याआधी अभिप्राय किती आहेत ते बघा. बारा जणांचे ४.९ आणि दोन हजार जणांचे ४.२ यांत मी दुसऱ्यावर विश्वास ठेवते. पाच ताऱ्यांची आणि एका ताऱ्याची मतं बाजूला ठेवून मधली, तीन ताऱ्यांची वाचा, कारण तिथे माणूस बरं-वाईट दोन्ही लिहितो. ज्या अभिप्रायात पदार्थाचं नाव आहे आणि तो कसा होता ते लिहिलंय, तो उपयोगाचा. एक तारा पुष्कळदा पार्किंग, उशीर किंवा वेटरच्या चेहऱ्यासाठी दिलेला असतो, त्याचा चवीशी संबंध नसतो. गिऱ्हाइकांनी काढलेले फोटो बघा, दुकानाने टाकलेले नकोत. आणि शोध घेताना पदार्थाचं नाव तिथल्या भाषेत, तिथल्या लिपीत टाइप करा. वेगळीच नावं वर येतात.

नकाशाचं एक लक्षात ठेवा. गूगलच्या सांगण्याप्रमाणे स्थानिक शोधातला क्रम तीन गोष्टींवर ठरतो: तुमच्या शोधाशी जुळणं, अंतर आणि प्रसिद्धी. प्रसिद्धीमुळे वर दिसणारं दुकान आणखी प्रसिद्ध होत जातं. म्हणून नुसतं वरच्या चार नावांवर थांबू नका. नकाशा इतका मोठा करा की एकच गल्ली पडद्यावर उरेल. मग लहान दुकानांची नावं दिसायला लागतात.

पायरी ६: पहिलं जेवण

पहिल्यांदा जाताना गर्दीच्या थोडं आधी पोचा. अन्न ताजं असतं आणि वाढप्याला तुमच्याशी दोन शब्द बोलायला वेळ असतो. सणाच्या किंवा सुट्टीच्या दिवशी कुठल्याही हॉटेलची परीक्षा घेऊ नका. मेन्यू कार्ड बाजूला ठेवून आजूबाजूच्या टेबलांवर काय आहे ते बघा, जे तीन टेबलांवर आहे ते मागवा. काही दिसत नसेल तर ‘आज काय जास्त खपतंय?’ असं विचारा. ‘काय चांगलं आहे?’ याला ‘सगळंच चांगलं आहे’ हेच उत्तर मिळणार.

कमी मागवा. आवडलं तर पुन्हा मागवता येतं. नाही आवडलं तर ताटात टाकलेलं अन्न बघवत नाही.

पोटाची काळजी मात्र पहिल्या दिवसापासून घ्यायची. नव्या शहराचं पाणी अंगवळणी पडायला वेळ लागतो. जागतिक आरोग्य संघटनेने २००१ मध्ये सुरक्षित अन्नाची पाच सूत्रं सांगितली: स्वच्छता राखणं, कच्चं आणि शिजलेलं वेगळं ठेवणं, नीट शिजवणं, योग्य तापमानात ठेवणं, आणि पाणी व कच्चा माल सुरक्षित वापरणं. रस्त्यावर उभं राहून तपासता येण्याजोगं सूत्र तापमानाचं आहे. जंतू ५ ते ६० अंश सेल्सियस यांच्या दरम्यान झपाट्याने वाढतात, आणि शिजलेलं अन्न साध्या तापमानाला दोन तासांहून जास्त राहू नये असं ती संघटना सांगते. म्हणजे तव्यावरून किंवा कढईतून तुमच्यासमोर निघालेला वाफाळता पदार्थ गाडीवरचा असला तरी चांगला, आणि काचेच्या कपाटात कोमट पडून असलेला पदार्थ महागड्या दुकानातला असला तरी नको. पहिले काही आठवडे कापून ठेवलेली फळं, बर्फ आणि न शिजवलेल्या चटण्या जपून खा.

बऱ्याच ठिकाणी सरकारी तपासणीचा निकाल दारावर लावतात. न्यूयॉर्कमध्ये २०१० पासून अक्षरांची श्रेणी दिसते, डेन्मार्कमध्ये २००१ पासून हसऱ्या-उदास चेहऱ्यांचं चिन्ह, ब्रिटनमधल्या बहुतेक भागांत शून्य ते पाच आकडे. वेल्समध्ये हा आकडा लावणं सक्तीचं आहे, इंग्लंडमध्ये नाही. त्यामुळे इंग्लंडमध्ये दारावर तो नसेल तर तो का नसेल याचा विचार करावा. भारतात एफएसएसएआय या सरकारी अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा १४ आकडी क्रमांक दुकानात दिसायला हवा. तुम्ही ज्या शहरात आहात तिथली पद्धत एकदा समजून घ्या.

कशाची ॲलर्जी असेल तर ती तिथल्या भाषेत एका कागदावर लिहून जवळ ठेवा आणि थेट आचाऱ्यापर्यंत पोचवा. युरोपीय संघात १४ प्रकारच्या ॲलर्जीकारक घटकांची माहिती गिऱ्हाइकाला देणं बंधनकारक आहे. सगळीकडे तसं नाही, आणि वेटर सौजन्यापोटी ‘काही होत नाही’ म्हणू शकतो.

एकट्याने जेवायला अवघड वाटत असेल तर जिथे ओळीने स्टूल मांडलेले असतात किंवा उभ्याने खातात अशा जागांपासून सुरुवात करा. तिथे निम्मे लोक एकटेच असतात. बायकांनी, विशेषतः रात्रीसाठी, आधी दिवसा एकदा जाऊन यावं. गल्ल्यावर कोण बसतं, बाकी बायका येतात का, परतीची गाडी कुठून मिळते, हे तेव्हाच कळतं.

पायरी ७: खाऊ, आणि त्याची वेळ

गोड, तळलेलं, भट्टीतलं असं जे अधेमधे खायचं असतं, त्याला दुकानापेक्षाही वेळ महत्त्वाची. बेकरीत जाऊन ‘भट्टीतून माल किती वाजता निघतो?’ एवढंच विचारा. तळणाच्या दुकानात ‘ताजा घाणा कधी?’ असं विचारा. एकाच दुकानाचा एकच पदार्थ सकाळी अप्रतिम आणि संध्याकाळी ओळखू न येण्याइतका बदललेला असू शकतो.

याला शास्त्र आहे. तळताना पदार्थाचा बाहेरचा थर कोरडा होतो आणि आत ओलावा राहतो. थंड होताना तो ओलावा हळूहळू बाहेर सरकतो, बंद डब्यात तर वाफही अडकते, म्हणून कुरकुरीतपणा जातो. असे पदार्थ दुकानासमोर उभं राहूनच खायचे असतात. घरी मागवून नावं ठेवण्यात अर्थ नाही. पावाचं वेगळं. भाजल्यानंतर त्यातला स्टार्च पुन्हा घट्ट होत जातो, आणि फ्रिजच्या थंडाव्यात हे जास्त वेगाने होतं. म्हणून ताजा पाव दोन दिवसांत संपणार असेल तर बाहेर ठेवा, नसेल तर सरळ फ्रीझरमध्ये टाका. उलट रश्शाचे, मसालेदार, मुरणारे पदार्थ पार्सल होऊन आले तरी फारसं बिघडत नाही. नव्या ठिकाणाहून पहिल्यांदा घरी मागवायचं असेल तर असंच काही मागवा.

ऋतूही विचारात घ्या. काही पदार्थ वर्षातले चार-सहा आठवडेच असतात, आणि त्यांची पाटी लागत नाही कारण जुन्या गिऱ्हाइकांना ते ठाऊकच असतं. शहरातल्या मोठ्या सणांची यादी करा आणि प्रत्येकाच्या आठ-दहा दिवस आधी मिठाईच्या आणि बेकरीच्या दुकानांवरून चक्कर मारा.

पायरी ८: परत जा

पहिल्या भेटीत आवडलं की लोक नाव लिहून ठेवतात आणि पुढच्या ठिकाणी जातात. इथे घाई नको. वेगळ्या वारी, वेगळ्या वेळी पुन्हा जा. दुसऱ्या भेटीत तोच पदार्थ मागवा: चव टिकून आहे की पहिल्या दिवशी जमून आली होती, हे कळतं. तिसऱ्या भेटीत वेगळा पदार्थ घ्या. तोवर गल्ल्यावरचा माणूस ओळखू लागलेला असतो.

जे आवडलं नाही, पण ज्यावर अख्खं शहर जीव टाकतं, त्यालाही दुसरी संधी द्या. रॉबर्ट झायन्स या मानसशास्त्रज्ञाने १९६८ मध्ये दाखवलं की एखादी गोष्ट नुसती पुन्हा पुन्हा समोर आली तरी ती जास्त आवडू लागते. अनोळखी आंबटपणा, उग्र वास, अनोळखी तेल यांच्याबाबतीत हे फार जाणवतं. वेगळ्या दुकानात, भूक लागलेली असताना, एखाद्या स्थानिक माणसासोबत खाऊन बघा.

नेहमीचं गिऱ्हाईक होण्याची एक रीत आहे. गर्दीच्या वेळी जेवण झाल्यावर टेबल अडवून बसायचं नाही. सुट्टे पैसे जवळ ठेवायचे. जे आवडलं ते पदार्थाचं नाव घेऊन सांगायचं, आणि सांगायचं ते गल्ल्याशी नको, शक्य असेल तर बनवणाऱ्याला. काही चुकलं तर शांतपणे तिथेच सांगायचं. मग ‘आज तो घेऊ नका, सकाळचा आहे’ असं तुम्हाला कोणीतरी आपणहून सांगतं. कुठल्याही ॲपवर मिळणार नाही अशी ही माहिती आहे.

नवं किती शोधायचं आणि जुन्याकडे किती जायचं, याचं माप मुक्कामावरून ठरतं. शहरात पाच वर्षं राहणार असाल तर पहिले काही महिने भरपूर शोधा, कारण सापडलेलं ठिकाण पुढे दीर्घकाळ उपयोगी पडणार आहे. तीनच महिन्यांसाठी आला असाल तर लवकर दोन-तीन जागा धरा. आणि जायची तारीख जवळ आली की नवं शोधणं थांबवून आवडत्या ठिकाणीच जेवा.

पायरी ९: वही

टायर बनवणाऱ्या मिशेलिन बंधूंनी १९०० साली फ्रान्समध्ये मोटारवाल्यांसाठी फुकट वाटायची मार्गदर्शिका काढली. तारे १९२६ मध्ये आले, आणि पुढे त्यांचा अर्थ असा ठरला: एक तारा म्हणजे आपल्या वर्गातलं उत्तम ठिकाण, दोन म्हणजे ज्यासाठी वाट वाकडी करावी, तीन म्हणजे ज्यासाठी मुद्दाम प्रवास करावा. रेस्टॉरंटांच्या त्या यादीशी तुमचा संबंध येवो न येवो, ही मोजपट्टी उचलण्याजोगी आहे, कारण तिचं एकक अंतर आहे. ‘पाचपैकी किती’ यापेक्षा ‘यासाठी मी किती लांब जाईन’ या प्रश्नाचं उत्तर मन खरं देतं.

वहीत प्रत्येक ठिकाणासमोर ही तीनपैकी एक खूण करा. शेजारी पदार्थाचं नाव, गेलात तो वार आणि वेळ, कोणी सांगितलं होतं, खर्च किती आला आणि बंद कधी असतं, एवढंच. कोणी सांगितलं हे लिहिणं विसरू नका. दोन-तीन महिन्यांनी कळतं की कोणाची जीभ तुमच्याशी जुळते. अशी दोन माणसं सापडली की पुढचा शोध निम्म्याने सोपा होतो. खर्चासाठी आठवड्याची एक ठरावीक रक्कम नव्या जागांसाठी बाजूला काढा, म्हणजे एखादं जेवण फसलं तरी चुटपुट लागत नाही.

पायरी १०: चव बदलली तर

आवडती जागा कधीतरी बिघडते. एका वाईट दिवसावरून निकाल देऊ नका. आचारी रजेवर असेल, गॅस संपला असेल. पण लागोपाठ दोनदा चव हलली, मेन्यू अचानक वाढला, ओळखीचे चेहरे दिसेनासे झाले, तर बहुधा मालक किंवा आचारी बदललेला असतो. तेव्हा रागावून निघून जाऊ नका. जुन्या वाढप्याला बाजूला घेऊन विचारा की आधीचा आचारी आता कुठे आहे. हॉटेलांच्या धंद्यात माणसं एकमेकांची खबर ठेवून असतात, आणि पुष्कळदा तो दोन गल्ल्या पलीकडे दुसऱ्या नावाच्या पाटीखाली तेच शिजवत असतो. पत्ता मिळाला की त्याच आठवड्यात तिथे जा, आणि त्याला सांगा की कुठून शोधत आलात.